अतिमानवाचे वैरी

चित्रकथा हा गंभीर चर्चेचा विषय होऊ शकतो असे म्हटले, की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांनी सुटीच्या दुपारी लोळत वाचाव्यात आणि वडीलधाऱ्यांनी त्या रद्दीत घालाव्यात, एवढीच या रंगीत चोपड्यांची आपल्याकडील प्रतिष्ठा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला असे सोवळे पाळून चालत नाही. त्याला दरबारी आज्ञापत्रे जशी हवीत, तसे चावडीवर गाइले गेलेले पोवाडेही हवेत. लोक कोणाची पूजा करतात यावरून त्यांच्या आकांक्षा समजतात. लोक कोणाला राक्षस ठरवितात यावरून त्यांची भीती समजते. आणि राजकारणाच्या इतिहासात भीतीचा वाटा आकांक्षेहून कमी नाही.

आज ज्या कथांविषयी बोलावयाचे आहे, त्या अमेरिकेत जन्मल्या आणि तेथून जगभर गेल्या. त्यांच्या नायकाला ‘सुपरहीरो’ म्हणतात. तो आकाशात उडतो, भिंती फोडतो किंवा बुरखा घालून अन्यायाचा पाठलाग करतो. या नायकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा विषय त्यांच्या वैऱ्यांचा आहे. चोर, दरोडेखोर आणि माथेफिरू शास्त्रज्ञ यांच्याशी लढताना या कथा रंगतात. पण सत्ता, कायदा, वंशद्वेष, युद्ध असे राजकीय विषय हाती घेतले, की त्या बहुधा अडखळतात. असे का व्हावे? आणि ज्या थोड्या प्रसंगी त्या अडखळल्या नाहीत, त्या वेळी त्यांनी वेगळे काय केले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या इतिहासातच सापडतात.

या इतिहासाचा आरंभ १९३८ सालच्या जून महिन्याचा. ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे जनक. ज्यू स्थलांतरितांच्या घरांत जन्मलेले हे दोन तरुण क्लीव्हलँड शहरात वाढले होते. आपल्या मानसपुत्राचे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकले. दिवस महामंदीचे होते. मौज अशी, की या पहिल्या वर्षातील सुपरमॅनचे वैरी परग्रहावरून आलेले नव्हते; ते रोजच्या वर्तमानपत्रातून उचललेले होते. पहिल्याच अंकात तो वॉशिंग्टनला जातो आणि एका सिनेटरला भ्रष्ट करणाऱ्या दलालाला धडा शिकवितो. दुसऱ्या अंकात शस्त्रास्त्रांच्या एका कारखानदाराला तो सक्तीने सैन्यात भरती करून त्याच्याच तोफगोळ्यांच्या वर्षावात उभा करतो. तिसऱ्या अंकात खाणमालकाची पाळी येते. मेजवानीला जमलेल्या पाहुण्यांसह त्याला त्याच्याच असुरक्षित खाणीत कोंडले जाते आणि मजुरांच्या जिवाची किंमत त्याला कळून येते.

आठव्या अंकातील कथा तर प्रशासनाशी संबंध असलेल्या कोणालाही विचार करावयास लावील अशी आहे. गलिच्छ वस्तीत वाढल्यामुळे मुले गुन्हेगार होतात, हे सुपरमॅनच्या ध्यानात येते. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागात सरकार नवी घरे बांधून देते, हेही त्याने वाचलेले असते. मग तो स्वतःच ती वस्ती जमीनदोस्त करतो आणि सरकारला तेथे नव्या इमारती उभारणे भाग पडते. कथेत हे सारे काही पृष्ठांत आटोपते. परंतु वस्ती पाडल्यापासून इमारती उभ्या राहीपर्यंत ती कुटुंबे कोठे राहिली? नवी घरे कोणाला मिळाली, आणि यादीतून कोणाची नावे गळाली? कथेला हे प्रश्न पडत नाहीत. राजकारण मात्र नेमके याच प्रश्नांत असते.

या आरंभीच्या कथांचा गुण आणि दोष अशा रीतीने एकाच ठिकाणी दिसतो. त्यांनी अन्यायाचे स्थान अचूक दाखविले, हा गुण. लाचखोर सिनेटर, युद्धावर पोसलेला कारखानदार, मजुरांच्या सुरक्षिततेत काटकसर करणारा मालक ही पात्रे बनावट नव्हती. पण अन्याय म्हणजे एका माणसाची दुष्ट बुद्धी, आणि तिच्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या माणसाची मूठ, अशी त्यांनी समजूत करून दिली, हा दोष. एक खाणमालक घाबरून सुधारला, म्हणून शेजारची खाण सुरक्षित होत नाही. त्यासाठी कायदा लागतो, निरीक्षक लागतो, आणि निरीक्षकाच्या अहवालाची दखल घेणारे कार्यालय लागते.

पुढे युद्ध आले. १९४० सालच्या फेब्रुवारीत ‘लुक’ या नियतकालिकासाठी सीगल-शुस्टर यांनी दोन पृष्ठांची एक कथा रचली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टॅलिन या दोघांनाही उचलून जिनिव्हास राष्ट्रसंघाच्या न्यायासनापुढे उभे करतो. नाझींच्या एस. एस. संघटनेच्या मुखपत्राला ही गोष्ट इतकी झोंबली, की त्याने सीगलच्या ज्यू वंशाचा उद्धार करणारा लेख छापला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण केला. मार्च १९४१ ही तारीख असलेल्या त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावीत आहे. अमेरिका त्या वेळी अद्याप युद्धात उतरलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चित्रामागील धैर्य ध्यानात येते.

परंतु अमेरिका प्रत्यक्ष युद्धात उतरताच या कथांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. सुपरमॅन जर एवढा सामर्थ्यशाली, तर त्याने एका दिवसात युद्ध का संपवू नये? लेखकांनी १९४२ सालच्या आरंभी, वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या मालिकेत, यातून वाट काढली. पत्रकार क्लार्क केंट, म्हणजे वेषांतरातील सुपरमॅन, सैन्यात भरती व्हावयास जातो. डोळे तपासताना त्याची भेदक दृष्टी चुकून भिंतीपलीकडे जाते, तो शेजारच्या खोलीतील तक्ता वाचतो आणि नापास होतो! ही युक्ती हास्यास्पद वाटेल. पण तिच्यात एक मुकी कबुली आहे. ज्या दुःखात लक्षावधी कुटुंबे होरपळत आहेत, त्याचा निकाल कल्पनेतील एका मुठीने लावणे हा त्या कुटुंबांचा उपहास ठरला असता.

याच काळात या वाङ्मयाच्या हातून एक मोठे पापही घडले. नाझी शत्रू दाखविताना चित्रकार निदान काही व्यक्ती रंगवीत. जपानी शत्रू दाखविताना मात्र ते संपूर्ण वंशच विद्रूप करून टाकीत. अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना स्थानबद्धतेच्या छावण्यांत डांबले होते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक होते. १९४३ साली सुपरमॅनच्या मालिकेत अशीच एक छावणी दाखविण्यात आली. कथेत ती घातपाताचे कारस्थान रचणाऱ्यांचे आश्रयस्थान ठरली. खऱ्या छावण्या चालविणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही हे चित्रण अतिरेकी वाटून तिने आक्षेप घेतला. पुढे १९८८ साली अमेरिकेने कायदा करून त्या स्थानबद्धांची माफी मागितली आणि हयात असलेल्यांना भरपाई दिली. ज्या अन्यायाविरुद्ध महाबलीने उभे राहावयाचे, त्या अन्यायाचाच तो येथे पहारेकरी झाला होता. खलनायक निवडणे हे राजकीय कृत्य आहे, ते नुसते मनोरंजन नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

याच्या अगदी उलट उदाहरण तीनच वर्षांनी घडले, आणि ते नभोवाणीवर घडले, याचे श्रोत्यांना विशेष वाटेल. १९४० पासून सुपरमॅनची श्राव्यमालिका अमेरिकेत लोकप्रिय होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कू क्लक्स क्लॅन ही वंशद्वेष्टी गुप्त संघटना पुन्हा डोके वर काढू लागली. १९४६ सालच्या जून महिन्यात या मालिकेने सोळा भागांची एक कथा प्रसृत केली आणि नाव किंचित बदलून या संघटनेलाच खलनायकाच्या जागी बसविले.

कथा साधी आहे. चिनी वंशाचे एक कुटुंब शहरात राहावयास येते. वडील जंतुशास्त्रज्ञ असून शहराच्या आरोग्य खात्यात त्यांची नेमणूक झालेली असते. मुलगा टॉमी बेसबॉलच्या संघात उत्कृष्ट चेंडूफेक करतो, आणि त्यामुळे चक नावाच्या मुलाचे स्थान जाते. चक घरी येऊन काकापाशी तक्रार करतो. एवढीशी ठिणगी, पण काका त्या गुप्त संघटनेचा स्थानिक प्रमुख निघतो, आणि रात्री त्या चिनी कुटुंबाच्या अंगणात जळता क्रूस उभा राहतो.

या कथेत सुपरमॅन आहेच; परंतु तिचे मर्म त्याच्या उड्डाणात नाही. येथील दुष्टावा परका नाही, तो शेजारच्या घरात राहतो. तो एका पोराच्या रुसव्यावर पोसला जातो. तो स्वतःला दुष्टावा म्हणवून घेत नाही, देशप्रेम म्हणवितो. चक हा मुलगा तर खलनायकही नाही. तो चुकीच्या माणसापाशी आपले गाऱ्हाणे घेऊन गेलेला सामान्य मुलगा आहे, आणि पुढे तोच तोंड उघडतो म्हणून अनर्थ टळतो. कथेतील सर्वांत धारदार प्रसंग उत्तरार्धात येतो. स्थानिक प्रमुख आपल्या वरिष्ठाकडे जातो, तेव्हा तो वरिष्ठ त्याच्या भाबडेपणाला हसतो. वंशशुद्धीच्या गप्पांवर त्याचा स्वतःचा विश्वासच नसतो; त्याच्या लेखी हा झगे विकण्याचा आणि वर्गणी गोळा करण्याचा धंदा असतो. द्वेषाचा एक बाजार असतो, त्यात विकणारे वेगळे आणि विकत घेणारे वेगळे, ही राजकारणातील फार मोठी गोष्ट या मालिकेने दहा-बारा वर्षांच्या मुलांना समजेल अशा भाषेत सांगितली. एका मालिकेने क्लॅनचा कणा मोडला, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण ज्याच्या अंगावर झगा पाहून मुले घाबरत, त्याला पाहून ती हसू लागली असतील, तर तेही थोडे नव्हे.

ही वाट रुळली असती, तर चित्रकथांचा इतिहास वेगळा झाला असता. तसे झाले नाही. १९५४ साली फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा आरोप करणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि भेदरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. भडक हिंसा आणि बीभत्स चित्रे यांना तिने आळा घातला, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यात असाही नियम होता, की पोलीस, न्यायाधीश, शासकीय अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे चित्रण करू नये. शासनाच्या सेवेतील माणसाला हा नियम वरवर सुखावणारा वाटेल. थोडा विचार केला, तर तो शासनालाच घातक आहे. अधिकारी कधी चुकतच नाही असे सांगणारी गोष्ट मुलाला अधिकाऱ्याचा आदर शिकवीत नाही. ती त्याला प्रश्न विचारण्यास विसरावयास लावते. लाच घेणारा सिनेटर १९३८ साली दाखविता येत होता. १९५५ साली तो दाखविणे दुर्घट झाले. मग खलनायक उरले ते चमत्कारिक पोशाखातले चोर आणि परग्रहावरचे राक्षस.

याच सुमारास कॅप्टन अमेरिकाचे पुनरुज्जीवन करून त्याला साम्यवाद्यांचा कर्दनकाळ बनविण्याचा प्रयत्न झाला. १९५४ साली त्याच्या मासिकाचे तीन अंक निघाले आणि ते बंद पडले. हिटलरच्या जागी नवा शत्रू बसविला, की कथा आपोआप उभी राहील, हा हिशेब फसला. पण या अपयशाला अठरा वर्षांनी एक विलक्षण फळ आले. १९७२ साली स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकाने त्या जुन्या अंकांचा उलगडा असा केला: खरा कॅप्टन अमेरिका १९४५ पासून बर्फात गोठून पडला होता, पन्नाशीच्या दशकात दिसलेला तो दुसराच माणूस. मूळ नायकाच्या भक्तीने वेडावून त्याने आपला चेहरा बदलून घेतला, सदोष औषध टोचून घेतले, आणि अखेर प्रत्येक असंतुष्ट माणूस त्याला देशद्रोही दिसू लागला. आता खरा नायक या तोतयासमोर उभा राहतो. पोशाख तोच, चेहरा तोच, तोंडी शब्दही तेच. फरक फक्त एवढाच, की एकाला देश म्हणजे त्यातील माणसे वाटतात आणि दुसऱ्याला देश म्हणजे आपला संताप वाटतो. आपल्याच सद्गुणाची विकृती हा राजकारणातील खरा शत्रू असतो, हे या कथेने नेमके पकडले.

दरम्यान १९७० साली डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी ‘ग्रीन लँटर्न’ या मालिकेत एक धाडस केले होते. एका लठ्ठ गृहस्थावर काही तरुण हल्ला करीत आहेत असे पाहून नायक त्याला वाचवितो. मग त्याला कळते, की हा गृहस्थ भाडेकरूंना बाहेर काढून इमारत पाडू पाहणारा घरमालक आहे, आणि त्याचे हे कृत्य पूर्णपणे कायदेशीर आहे. एक वृद्ध काळा माणूस नायकाला विचारतो, की निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्या परग्रहवासीयांसाठी तू इतके केलेस. मग काळ्यांसाठी काय केलेस? नायक मान खाली घालतो. कायदा आणि न्याय हे नेहमी एकाच घरी नांदत नाहीत, हे येथे अतिमानवाला प्रथमच शिकावे लागले. पण शेवट पाहा. घरमालक मारेकरी धाडतो आणि खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली पकडला जातो. म्हणजे लेखकाने एक अवघड राजकीय प्रश्न मांडला आणि तो न सोडविता खलनायकाला सामान्य गुन्हेगार बनवून सुटका करून घेतली. त्याने मारेकरी धाडले नसते, तर त्या भाडेकरूंचे काय झाले असते?

१९७१ साली आचारसंहिता काहीशी सैल झाली. १९७४ साली, वॉटरगेट प्रकरण ऐन रंगात असता, एंगलहार्टने कॅप्टन अमेरिकाला एका गुप्त संघटनेच्या मागावर धाडले. ही संघटना प्रथम जाहिरातींच्या द्वारा नायकाचीच बदनामी करते, हा तपशील मार्मिक आहे. अखेर तिचा सूत्रधार पळत पळत व्हाइट हाउसमध्ये शिरतो, बुरखा उतरतो, आणि नायक हादरतो. वाचकाला तो चेहरा दाखविला जात नाही. पण लेखकाच्या मनात राष्ट्राध्यक्ष निक्सन होते, हे पुढे त्यानेच सांगितले. सूत्रधार आत्महत्या करतो, आणि नायक काही काळ आपला पोशाख उतरवून ठेवतो.

या कथेशेजारी त्याच वर्षाचा खरा इतिहास ठेवून पाहावा. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिला. त्यांना त्या टोकापर्यंत कोणी आणले? वार्ताहरांच्या पाठपुराव्याने, सिनेटच्या चौकशी समितीने, विशेष सरकारी वकिलाच्या चिकाटीने, आणि ध्वनिफिती न्यायालयाच्या स्वाधीन केल्याच पाहिजेत अशा सर्वोच्च न्यायालयाच्या एकमुखी निर्णयाने. यात ठोसा नाही, बुरखा नाही, पिस्तूलही नाही. आहेत त्या साक्षी, नोंदी आणि कागद. हा शेवट चित्रकथेतील शेवटापेक्षा अधिक रोमहर्षक होता, असे माझे मत आहे; कारण त्यात सत्ताधीश मेला नाही, सत्तेची मर्यादा जिवंत राहिली. सुपरहीरोंच्या कथाकारांना अशा संथ, सामुदायिक पराक्रमाचे नाट्य क्वचितच हाताळता आले आहे.

ऐंशीच्या दशकात या वाङ्मयाला प्रौढत्व आले. ‘एक्स-मेन’ या मालिकेतील मॅग्नीटो हा १९६३ साली केवळ जगाचे राज्य मागणारा खलनायक होता. १९८१ साली ख्रिस क्लेअरमाँट याने त्याला आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेला माणूस बनविले. आपल्या जातीचा पुन्हा संहार होऊ द्यावयाचा नाही, या निश्चयातून त्याची क्रूरता जन्मते. आणि एका ज्यू मुलीला आपण ठार केले असे त्याला वाटते, तेव्हा आपण कोणासारखे झालो हे त्याला उमजते. त्याच्या कृत्यांचे समर्थन होत नाही, पण त्याचे कारण कळते. लेक्स ल्यूथर हा सुपरमॅनचा जुना वैरी १९४० पासून शास्त्रज्ञ होता. १९८६ साली तो प्रतिष्ठित उद्योगपती झाला. सारे शहर त्याच्या पगारावर जगते. मग त्याला हात कोण लावणार? १९८६-८७ सालच्या ‘वॉचमेन’मध्ये तर ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी प्रश्नच उलटा केला. तेथे अणुयुद्ध टाळण्यासाठी लक्षावधींचा बळी घेणारा माणूस स्वतःच एक महाबली आहे. तो बुद्धिमान आहे, शांततावादी आहे, आणि आपण जगाचे कल्याण करीत आहोत अशी त्याची पक्की खात्री आहे. ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही असा कल्याणकर्ता किती भयंकर असू शकतो, हे यात दिसते.

विसाव्या शतकानंतरचे दोन प्रसंग उल्लेखनीय आहेत. २००६-०७ सालच्या ‘सिव्हिल वॉर’ या कथामालेत महाबलींनी सरकारकडे नोंदणी करावी असा कायदा होतो आणि त्यांच्यांत दोन तट पडतात. ज्या कायद्यावरून एवढे रण माजले, त्याच्या तरतुदी नेमक्या काय, हे मात्र वेगवेगळ्या अंकांत वेगवेगळे दिसते. राजकीय कथेत कायद्याचा मसुदा हाही एक पात्रच असतो, आणि त्याचा स्वभाव दर पानाला बदलून चालत नाही. तरीही शेवटचे दृश्य चांगले आहे. विजयाच्या उंबरठ्यावर असलेल्या कॅप्टन अमेरिकाला अग्निशामक दलाचे जवान, पोलीस, परिचारक अशी साधी माणसे अडवितात. आपल्या लढाईने त्यांचेच शहर मोडते आहे, हे पाहून तो शरण जातो. दुसरा प्रसंग २०११ चा. एका छोट्या कथेत सुपरमॅन तेहरानमध्ये निदर्शकांच्या शेजारी चोवीस तास नुसता मूक उभा राहतो. कोणालाही मारीत नाही. आणि एवढ्यावरून, तो अमेरिकेच्या आज्ञेने आला असा आरोप होतो. सामर्थ्यवानाची नुसती उपस्थितीही राजकारण असते, हे अवघ्या काही पृष्ठांत येथे समजते.

या कथा आपल्याकडेही आल्या, तेव्हा खलनायकाच्या नावाचा प्रश्न आलाच. १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ म्हणून आला. मूळ कथेत त्याच्या देशाचे नाव बंगालशी नाते सांगणारे होते आणि त्याच्या वैरी चाच्यांची टोळी ‘सिंग’ या नावाची होती. भारतीय आवृत्तीत देशाचा ‘डेंकाली’ झाला आणि चाचे ‘सिंगा’ झाले. हा बदल लहान दिसतो. पण दूर बसलेल्या लेखकाला जे नाव केवळ चमत्कारिक वाटते, ते येथील कोट्यवधी माणसांचे आडनाव असते, हे संपादकांनी ओळखले. एक अक्षर जोडून त्यांनी एका समाजाला खलनायकाच्या खुर्चीतून उठविले.

आणि राजकीय खलनायक कसा रंगवावा, याचा वस्तुपाठ मराठी रंगभूमीला अपरिचित नाही. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले, आणि प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कथा महाभारतातीलच होती. पण तिचा निवडलेला भाग अर्थपूर्ण होता. कीचक एकटा बलवान नाही. विराट राजा त्याच्या बळावर राज्य करतो, म्हणून सैरंध्रीचा भर सभेत अपमान होत असता राजा गप्प बसतो, आणि राजा गप्प म्हणून सभाही गप्प. कीचकाला भीम मारू शकतो. त्या सभेच्या मौनाला कोण मारणार?

सुपरहीरोंच्या कथाकारांना जर काही सांगावयाचे असेल, तर हेच. राजकीय दुष्टावा एका देहात मावत नाही. त्याच्यामागे कायद्याचा आधार असतो, हितसंबंध असतात, आणि सर्वांत अधिक म्हणजे सभ्य माणसांचे मौन असते. म्हणून खलनायक जवळचा दाखवावा, वंशाचा वा धर्माचा मुखवटा चढवून दूरचा करू नये. त्याला कारण द्यावे. त्याची बाजू इतकी नीट मांडावी, की वाचकाला क्षणभर ती पटावी आणि मग स्वतःचीच भीती वाटावी. अंक संपला म्हणून परिणाम पुसून टाकू नयेत. आणि नायकाच्या मुठीने जे सुटत नाही, ते सुटत नाही असे प्रामाणिकपणे दाखवून, ते सोडविणारी साधी माणसे चित्राच्या मध्यभागी आणावीत. १९४६ च्या त्या श्राव्यमालिकेवरून जीन लुएन यांग या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखकाने २०१९ साली नवी चित्रकथा रचली. तीत ते चिनी कुटुंबच केंद्रस्थानी आहे, आणि परग्रहावरून आलेला सुपरमॅन स्वतःही एक परका, आपले परकेपण लपविणारा, असा दाखविला आहे. वाट अद्याप बुजलेली नाही.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. दुष्ट माणूस कवटीच्या तोंडाचा आणि हिरव्या झग्याचा असतो असे ज्या मुलाने वाचले, ते मूल पुढे मोठे होऊन नागरिक होते; आणि मग इस्त्रीचे कपडे घातलेला, गोड बोलणारा, नियमावर बोट ठेवून अन्याय करणारा माणूस त्याला ओळखू येत नाही. दुसरा धोका त्याहून मोठा. साऱ्या संकटांतून एक बलवान पुरुष आपल्याला सोडवील, ही आशा या कथांच्या मुळाशीच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत इशारा दिला होता, की राजकारणातील व्यक्तिपूजा ही अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. अतिमानवाच्या कथा मुलांनी वाचाव्यात, आनंदाने वाचाव्यात. त्यांतील उत्तम कथा तीच, जी मिटल्यावर मुलाला आकाशाकडे पाहत बसावयास लावीत नाही. शेजारच्या अंगणात जळता क्रूस दिसला, तर दार उघडून बाहेर येण्यास शिकविते.